रील टाकण्याआधी पाकीट बघा

काका, नमस्कार.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी राहते. २०११ च्या उन्हाळ्यापासून कांदा-लसूण मसाला, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी करून विकते. सुरुवातीला एकटी होते, आता आम्ही पाचजणी आहोत. आळीत सगळे मला ज्या नात्याने हाक मारतात तेच नाव मसाल्याला पडलं. आधी चिठ्ठीवर पेनाने लिहायचो, मग छापील लेबल आलं. गेल्या दिवाळीला भाच्याने नवीन पाकीट करून दिलं, पिवळ्यावर लाल, दुकानात चांगलं उठून दिसतं. तीसेक किराणा दुकानांत माल असतो.

मागच्या आठवड्यात एका मोठ्या मसाला कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. तोच शब्द त्यांनी २०१७ साली रजिस्टर केलाय म्हणे. १५ दिवसांत नाव बंद करा, माल नष्ट करा, विक्रीचा हिशेब द्या, १० लाख भरपाई द्या आणि सोबतच्या हमीपत्रावर सही करून पाठवा. त्यांचा सेल्समन दुकानदारांना सांगत फिरतोय की हा माल ठेवलात तर तुम्हीही अडकाल. चार दुकानांनी माल परत पाठवला. भाच्याने रील करून ठेवली आहे, म्हणतो एका रात्रीत कंपनी सरळ येईल. आमच्या महिला मंडळाने त्या कंपनीचा मसाला घ्यायचाच नाही असं ठरवलंय. घरचे म्हणतात, नाव बदल आणि मोकळी हो. मी काय करू?

एक मसालेवाली

ताई,

तुमच्या पत्राबरोबर तीन गोष्टी आल्या. नोटीस, हमीपत्राचा मसुदा आणि नव्या पाकिटाचा फोटो. फोटो तुम्ही कौतुकाने जोडला असणार. मी तो घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, कंपनीचं पाव किलोचं पाकीट विकत घेतलं आणि दोन्ही शेजारी ठेवून चहा संपेपर्यंत बघत बसलो. त्यावर मी पुढे बोलणार आहे आणि ते तुम्हाला आवडणार नाही. म्हणून आधी धीराचं बोलून घेतो.

तुमचं आणि कंपनीचं नाव इथे छापत नाही. वाचकांना एवढंच सांगतो की भांडण एका नात्याच्या शब्दावरून आहे, जो महाराष्ट्रातल्या घराघरांत दिवसातून दहा वेळा ऐकू येतो.

पहिली गोष्ट. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. १५ दिवस हे त्या वकिलाने ठरवलेत, १० लाखही त्यानेच. मी वकील नाही, पण पस्तीस वर्षं लहान धंद्यांच्या वह्या बघतोय आणि अशा नोटिसा पुष्कळ पाहिल्या आहेत. मजकूर बहुतेक तोच असतो, नावं तेवढी बदलतात. मोठ्या कंपन्या बाजारात आपल्यासारखं नाव कुठे दिसतंय यावर नजर ठेवायला माणसं नेमतात, आणि सापडेल त्याला एकच साचा पाठवला जातो. तुमचा मसाला चाखून कोणी ते लिहिलेलं नाही.

घाबरवणारी गोष्ट एकच आहे, ते हमीपत्र. त्यावर सही करू नका. माझ्या ओळखीच्या एका बेकरीवाल्याने अशीच नोटीस आल्यावर ‘कटकट नको’ म्हणून सही केली होती. त्यात बारीक अक्षरात त्याने कबूल केलं होतं की नाव पहिल्यापासून कंपनीचंच होतं आणि आपण ते जाणूनबुजून वापरलं. त्याची बेकरी कंपनीच्या नोंदणीच्या नऊ वर्षं आधीची होती. सही केल्यावर त्या नऊ वर्षांना काही अर्थ उरला नाही.

आता तारखा. तुमचं सगळं बळ तुमच्या पत्रातल्या ‘२०११ च्या उन्हाळ्यापासून’ या शब्दांत आहे. आपल्या ट्रेडमार्क कायद्यात, म्हणजे १९९९ च्या कायद्यात, ३४ वं कलम आहे. आधीपासून प्रामाणिकपणे आणि अखंड नाव वापरणाऱ्याला नंतर नोंदणी करणारा अडवू शकत नाही, असा त्याचा मथितार्थ. मात्र तुमचा वापर दोन तारखांच्या आधीचा लागतो. कंपनीने नाव प्रत्यक्ष कधी वापरायला घेतलं आणि नोंदणी कोणत्या तारखेपासून धरली गेली, या दोन्हींत जी आधीची असेल तिच्याही आधी तुम्ही बाजारात असायला हव्यात. म्हणून नोटिशीत ‘२०१७’ वाचून लगेच हुश्श करू नका. नोटिशीत नोंदणी क्रमांक दिलेला आहे. तो सरकारच्या ट्रेडमार्क शोधाच्या संकेतस्थळावर टाका, पैसे पडत नाहीत. तिथे दिसेल की अर्ज करताना कंपनीने ‘अमुक तारखेपासून वापरात’ असं लिहिलंय की ‘वापरायचा विचार आहे’ असं. दुसरं लिहिलेलं असेल तर तुमचं पारडं बरंच जड. आणखी एक बघा. नोंदणी नुसत्या शब्दाची आहे की चित्र, नक्षी, रंग यांसकट अख्ख्या लेबलची? लेबलची असेल तर त्यातल्या प्रत्येक सुट्या शब्दावर आपोआप मालकी येत नाही. नोटिशीत मात्र ती आल्यासारखंच लिहिलेलं असतं.

याला खाण्याच्या दुनियेतलाच दाखला आहे. तामिळनाडूतल्या तिरुनेलवेलीचा हलवा प्रसिद्ध आहे आणि त्यातही ‘इरुट्टु कडै’चा. इरुट्टु कडै म्हणजे अंधारं दुकान. पाटी नाही, झगमगाट नाही, लोकांनीच पाडलेलं नाव. तेच नाव दुसऱ्या एकाने आपल्या हलव्यासाठी रजिस्टर करून घेतलं. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५ साली न्यायालयाने सांगितलं की आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ. आळीने पाडलेल्या तुमच्या नावाला याहून जवळचा निकाल मला माहीत नाही.

तुम्हाला कोणीतरी बंगळुरूच्या ‘नंदिनी’चा खटलाही सांगेल. कर्नाटकच्या दूध महासंघाचं नंदिनी दूध १९८५ पासूनचं, आणि ‘नंदिनी’ याच नावाचं, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त असलेलं हॉटेल १९८९ पासूनचं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलवाल्याच्या बाजूने कौल दिला. नंदिनी हा कोणी घडवलेला शब्द नाही, पुराणातली गाय आहे, आणि दोघांचा माल वेगळा. निकाल सुंदर आहे, पण तुमच्या कामाचा अर्धाच. तिथे एकाचं दूध होतं, दुसऱ्याचं हॉटेल, आणि दूध-दुभत्यासाठी ते नाव नोंदवणार नाही हे हॉटेलवाल्याने मान्य केलं होतं. इथे दोघांचाही मसालाच आहे. त्या निकालावर फार भार टाकू नका. ‘हे तर माझं स्वतःचंच नाव’ या मुद्द्यावरही नको. स्वतःच्या नावाला ३५ वं कलम संरक्षण देतं खरं, पण हाक मारायचं नातं म्हणजे नाव होतं का, यावर दोन वकील सहज तीन वर्षं काढतील.

तेव्हा २०११ सिद्ध करायचं. तुम्ही म्हणाल, चिठ्ठीवर पेनाने लिहायचो, त्याचा पुरावा कुठून आणू? घरात शोधा. अन्न परवान्याची पहिली नोंदणी. लेबल छापणाऱ्या प्रेसची बिलं, आणि तुमच्याकडे नसली तर प्रेसवाल्याच्या जुन्या फायली, ती मंडळी काही फेकत नाहीत. बचत गटाचं इतिवृत्त. महालक्ष्मी सरस किंवा तालुक्याच्या प्रदर्शनात स्टॉल लावला असेल तर त्याची पावती आणि तिथला फोटो. पुण्या-मुंबईला पार्सल पाठवल्याच्या कुरिअर पावत्या. बँकेचं पासबुक. एखाद्या वर्षी स्थानिक पेपरने चार ओळी छापल्या असतील तर ते कात्रण. आणि प्रत्येक वर्षाचं काहीतरी हवं, कारण कायद्यात ‘अखंड’ हा शब्द आहे. कोरोनाच्या काळात कांडप बंद होतं का? असेल तर किती महिने, का, हे आत्ताच लिहून ठेवा. समोरचा वकील तिथेच बोट ठेवणार.

इथवर तुमची बाजू चांगली आहे. आता पाकीट.

ताई, गेल्या दिवाळीपर्यंत तुमचं लेबल पांढरं होतं, त्यावर हिरव्या शाईत नाव आणि उखळ-मुसळाचं चित्र. ते जुनं लेबल नव्या पाकिटाच्या फोटोतच मागे दिसतं. मग ते पिवळं-लाल झालं. नाव वरच्या कमानीत गेलं. खाली उजव्या कोपऱ्यात पितळी वाटी आली. कंपनीच्या पाकिटावर पिवळ्यावर लाल आहे, नाव कमानीत आहे आणि वाटी आहे, फक्त डाव्या कोपऱ्यात. तुमच्या भाच्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. ‘दुकानात उठून दिसेल असं कर’ म्हटलं की पोरं दुकानात जे उठून दिसतंय तेच समोर ठेवून बसतात. पण माझ्या बायकोला मी दोन्ही पाकिटं चार हात लांबून दाखवली आणि विचारलं, यातलं मोठ्या कंपनीचं कुठलं? ती म्हणाली, दोन्ही.

नाव तुमचं जुनं, पण हे रूप नवं आहे आणि ते त्यांचं आहे. कायदा नाव आणि रूप यांचा वेगवेगळा विचार करतो. नुसत्या रंगसंगतीवरून भांडण होतं का, असं वाटेल तुम्हाला. होतं. २००३ साली दिल्ली उच्च न्यायालयात कोलगेट आणि अँकर यांच्यात दंतमंजनाच्या डब्यावरच्या लाल-पांढऱ्या रंगांवरून झालं, आणि अँकरला त्या रंगांना तात्पुरती मनाई झाली. नावं किती वेगळी! तुमची तर नावंही सारखी.

म्हणून भाच्याच्या रीलचा प्रश्न मला कायद्याआधी पाकिटाचा वाटतो. रील टाकली आणि पसरली, तर पहिल्या तासात शंभर लोक तुमच्या बाजूने हळहळतील. दुसऱ्या तासात कोणीतरी दोन्ही पाकिटांचा फोटो शेजारी-शेजारी टाकेल. तिथून पुढे तुम्ही गरीब बिचारी मसालेवाली राहणार नाही. लोक उलटले की ते कंपनीवर जितके उलटतात त्याच्या दुप्पट, फसवलं गेलो असं वाटलेल्या माणसावर उलटतात.

लोकांचा राग काही करत नाही असं माझं म्हणणं नाही. करतो, आणि कधीकधी वकिलाला वर्षभर जमणार नाही ते आठवड्यात करतो. अमेरिकेत २०२४ साली काय झालं ते सांगतो, मसाल्याशीच नातं असलेलं आहे. डेव्हिड चँग हे तिथले नामांकित शेफ, मोमोफुकू ही त्यांची कंपनी. मिरची, लसूण, कांदा तेलात कुरकुरीत तळून बाटलीत भरायचा, त्याला तिकडे ‘चिली क्रंच’ म्हणतात. आशियाई घरांमधून पिढ्यानपिढ्या होणारा प्रकार, आपल्या ठेच्याचा लांबचा भाऊ. मोमोफुकूने त्या नावाच्या एका स्पेलिंगचा ट्रेडमार्क मिळवला होता आणि मार्चमध्ये त्याच नावाने बाटल्या विकणाऱ्या छोट्या उद्योगांना नोटिसा धाडल्या. त्यात मलेशियन आजीच्या पाककृतीवर न्यूयॉर्कमध्ये धंदा उभारणारीही एक होती. एप्रिलच्या सुरुवातीला बातमी फुटली आणि १२ एप्रिलच्या सुमारास चँग यांनी माफी मागून जाहीर केलं की आम्ही हा ट्रेडमार्क कोणावर चालवणार नाही. बातमी फुटल्यापासून आठ-दहा दिवसांत खेळ संपला. गंमत अशी की ते नाव मोमोफुकूकडे आलं तेही डेन्व्हरच्या एका छोट्या कंपनीने त्यांच्याच मागे लागल्यावर झालेल्या तडजोडीतून. सासूने छळलेली सून पुढे सासू होते, तसलं काहीसं.

लंडनमध्ये २०१३ साली असंच ‘फो’ या शब्दावरून झालं. फो म्हणजे व्हिएतनामी लोकांचं शेवयांचं सार. हेच नाव असलेल्या हॉटेलांच्या साखळीने ब्रॉकली भागातल्या ‘मो फो’ नावाच्या एका छोट्या हॉटेलला नाव बदलायला सांगितलं. उद्या कोणी ‘मिसळ’ हा शब्द माझा म्हणून कोल्हापुरात नोटीस पाठवावी, तसं. लोकांनी समाजमाध्यमांवर इतकं धारेवर धरलं की साखळीने माघार घेतली.

या दोन्हींत लोक का चिडले ते बघा. छोट्यांची दया आली म्हणून चिडले, पण तेवढ्यानेच नाही. शब्द सगळ्यांचा होता, हे एक. आणि चिडणारे हे त्याच कंपनीचे गिऱ्हाईक होते, हे दुसरं आणि जास्त महत्त्वाचं. मोमोफुकूचं सगळं नाव आशियाई जेवणाच्या प्रेमावर उभं होतं, आणि त्याच घरांतली माणसं म्हणायला लागली की तुम्ही आमच्या आजीचा शब्द कुंपणात घेताय. धक्का तिथे बसला. सांगलीतल्या एका महिला मंडळाने मसाला घेणं बंद केल्याने टनावारी माल विकणाऱ्या कंपनीच्या वहीत एक ओळही हलणार नाही. पण ती कंपनी जाहिरातीत काय विकते ते आठवा. आजीचा हात, आईची चव, घरचं वाटण. घरपणा विकणाऱ्याला घरातून मसाला करणाऱ्या बाईच्या मागे वकील लावलेला दिसणं परवडत नाही. तुमच्या हातात काही असेल तर ते हे आहे. ते एकदाच वापरता येतं, म्हणून पाकिटाने वाया घालवू नका.

आणि ओरड्याने काय मिळत नाही, तेही ऐका. २०१९ च्या एप्रिलमध्ये पेप्सिकोने उत्तर गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर दावे लावले, काहींवर तर एक कोटीहून जास्त भरपाईचे. ते प्रकरण ट्रेडमार्कचं नव्हतं, चिप्ससाठीच्या बटाट्याच्या वाणाच्या हक्काचं होतं, पण चाल तीच. लोकसभेची निवडणूक चालू होती, लेज खाऊ नका अशी हाक उठली आणि मेच्या सुरुवातीला कंपनीने दावे मागे घ्यायचं जाहीर केलं. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. मूळ वाणाच्या नोंदणीचं भांडण पुढे चालूच राहिलं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये वाणांची नोंदणी बघणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने ती नोंदणी रद्द केली आणि २०२४ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कंपनी लाजून मागे सरली, पण तिचा कागद तिच्याकडेच राहिला.

ओरडा उशिराही येतो. वेल्समधल्या स्वानसीच्या ‘बॉस ब्रुइंग’ या छोट्या बिअरवाल्यांना ह्यूगो बॉस या कपड्यांच्या कंपनीने अडवलं. २०२० साली एका इंग्लिश विनोदवीराने निषेध म्हणून कायदेशीररीत्या स्वतःचंच नाव बदलून ह्यूगो बॉस करून घेतलं, जगभर हसू झालं. पण तोवर त्या बिअरवाल्यांचे वकिलावर जवळपास १०,००० पौंड गेले होते आणि दोन बिअरची नावं बदलून झाली होती.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचंच. कॅम्पातलं बर्गर किंग साधारण १९९२ पासूनचं, कित्येक पुणेकर तिथे कॉलेजच्या दिवसांत उभ्याने खाऊन मोठे झाले. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ साली पुण्यात दावा लावला. या कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान २०१४ मध्ये उघडलं. २०२४ च्या जुलैमध्ये जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला, तेव्हा शहरातली माणसं आपण स्वतः खटला जिंकल्यासारखी पेढे वाटायच्या बेतात होती. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या दुकानाला ते नाव वापरायला मनाई केली. २०२५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. खाली-वर, खाली-वर, आणि मधे चौदा वर्षं. या सगळ्यात पुणेकरांचं प्रेम न्यायाधीशांसमोर कुठेच पुराव्यात नव्हतं. १९९२ होतं.

कंपन्यांचीही एक बाजू आहे, ती दोन वाक्यांत सांगून टाकतो. टूथपेस्ट कुठलीही असो आपण कोलगेट म्हणतो, छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतो, वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो, आणि नाव असं गावभर झालं की मालकाचं उरत नाही, ही भीती खरी आहे. शिवाय दुसऱ्याने मागाहून नोंदवलेल्या नावाचा वापर माहीत असून पाच वर्षं गप्प बसलं, तर पुढे तक्रार करायचा हक्क जवळपास जातो, असं ३३ वं कलम सांगतं. (तुमचं नाव नोंदलेलं नाही, त्यामुळे हे कलम थेट लागू होत नाही, पण कंपनीच्या गप्प बसण्याचा मुद्दा तुमच्या वकिलाला मुद्दाम विचारा. तो सेल्समन तुमच्या दुकानांत किती वर्षं येतोय?) पण नाव राखायचं म्हणजे पहिल्याच पत्रात १० लाख आणि माल नष्ट करा, हे कुठल्याही कायद्याने सांगितलेलं नाही. विनंतीचं पत्रही पाठवता येतं. ते पाठवायला वकिलाची फी तेवढीच पडते.

आता या आठवड्याचं बोलू, तुमच्याकडे आठेक दिवस आहेत.

वकील गाठा, पण ट्रेडमार्कचं काम करणारा. घराच्या वाटण्या करणारा तालुक्याचा वकील भला माणूस असला तरी इथे नको. मुदतीच्या आत उत्तर जाऊ द्या. गप्प बसलात तर उद्या कोर्टात ‘यांच्याकडे उत्तरच नव्हतं’ असं म्हणतील. उत्तर लहान असू दे. २०११ पासूनचा वापर, ३४ वं कलम, हमीपत्र नाकारतो, आमचे हक्क राखून ठेवतो. त्यातच एक वाक्य घाला की गैरसमज टळावा म्हणून, कोणतीही चूक कबूल न करता, आम्ही पाकिटाचं रूप बदलत आहोत.

आणि ते खरोखर बदला, लगेच. छापून ठेवलेली पाकिटं संपेपर्यंत वापरू, हा विचार मनात आला असेल. मलाही आला असता, छपाईचे पैसे काही थोडे नसतात. तरी नको. उत्तर दिल्यानंतर जितकी जुनी पाकिटं बाजारात दिसतील तितका तुमच्या उत्तराचा खरेपणा कमी होईल. तुमचं ते पांढरं-हिरवं लेबल आणि उखळ परत आणा. खरं सांगू? मला तेच जास्त आवडलं होतं.

त्याच दिवशी वकिलाला कॅव्हेट दाखल करायला सांगा. कंपनी कोर्टात गेली तर आमचं ऐकल्याशिवाय मनाई हुकूम देऊ नका, एवढीच ती विनंती, ९० दिवस चालते. सांगलीत करा आणि कंपनीचं मुख्य कार्यालय जिथे आहे तिथेही करा, कारण या कायद्यात दावा लावणारा स्वतःच्या गावीही दावा लावू शकतो. तुम्ही रीलला किती लाइक आले ते मोजत असताना तिकडे एकतर्फी मनाई होऊन जाते, हे मी होताना पाहिलंय.

दुकानदारांचं काम सगळ्यात निकडीचं आहे आणि ते वकिलावर सोडू नका. तुमचं खरं नुकसान नोटिशीने झालेलं नाही, त्या चार परत आलेल्या खोक्यांनी झालंय. उत्तराच्या प्रती काढा, नवं लेबल लावलेलं एकेक पाकीट घ्या आणि तीसही दुकानांत स्वतः जा. किराणा दुकानदार कायदा वाचत नाही, पण शिक्का असलेला कागद आणि समोर उभं असलेलं माणूस वाचतो. सेल्समनने काय धमकी दिली, कधी दिली, हे दुकानदाराकडून दोन ओळींत लिहून मिळालं तर घ्या. बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध दाद मागायला १४२ वं कलम आहे. ते वापरायची वेळ बहुधा येणार नाही, कारण कंपनीने खरोखर दावा लावून चालवला की त्याची धार जाते. पण उत्तरात त्याचा उल्लेख असला की सेल्समनचं तोंड बंद होतं.

मग स्वतःच्या नोंदणीचा अर्ज. ३० वा वर्ग, मसाल्यांचा. वैयक्तिक किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन केलात तर सरकारी फी ४,५०० रुपये, त्यासाठी उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा दाखला, काढून ठेवा. वापराची तारीख लिहिलीत तर शपथपत्र आणि पुरावे लागतात, ते तुम्ही आत्ता जमवणारच आहात. नुसता तो शब्द मागू नका. शब्द, पुढे तुमच्या गावाचं किंवा आडनावाचं काहीतरी, आणि ते उखळ. कंपनी विरोध करेल. करू दे. बऱ्याचदा अशा विरोधातूनच ‘तुम्ही असं लिहा, आम्ही असं लिहितो’ अशी लेखी तडजोड निघते, आणि तीस दुकानांच्या धंद्याला तेवढी पुरते.

घरचे म्हणतात ते नाव बदलण्याचं. मी त्यांना चूक म्हणणार नाही. चौदा वर्षं कोर्टात जाणार असतील तर तो खर्च मसाला करून निघत नाही. पण आज बदललंत तर भीतीने बदललं असं होईल, आणि दुकानदार ते लक्षात ठेवतील. सहा महिन्यांनी, तडजोडीत, त्या बदल्यात काही मिळवून बदललंत तर तो व्यवहार होईल. तोवर थांबायला सांगा.

महिला मंडळाला थांबवू नका आणि पुढेही करू नका. बायकांनी काय विकत घ्यायचं हा त्यांचा प्रश्न. तुम्ही स्वतः बहिष्काराची हाक दिलीत तर समोरच्या वकिलाला बदनामीचं एक कलम फुकट मिळेल.

राहता राहिली रील. मी ती पाहिली, तुमच्या भाच्याने मलाही पाठवली होती. पोरगा हुशार आहे. पण त्यात तो कंपनीला चोर म्हणतो आणि मागे टेबलावर पिवळ्या-लाल पाकिटांची थप्पी दिसते. त्याला सांगा, पुसू नको. पाकीट बदलू दे, उत्तर जाऊ दे, कॅव्हेट लागू दे. त्यानंतरही सेल्समन दुकानांतून फिरत राहिला तर नवी कर. त्यात प्रेसचं जुन्यात जुनं बिल दाखव, पांढरं-हिरवं पाकीट आणि त्यांचं पाकीट स्वतःच शेजारी ठेव, नोटिशीतलं ‘माल नष्ट करा’ हे वाक्य शांतपणे वाचून दाखव आणि शेवटी मावशीला एकच ओळ बोलू दे. कोणाला चोर म्हणायचं नाही.

नव्या लेबलचा नमुना आला की मला फोटो पाठवा. आणि जमलं तर अर्धा किलो मसालाही. पैसे पाठवतो, बिल मात्र नावासकट आणि तारखेसकट द्या.